एक मणी कमी

आत्याच्या लोखंडी कपाटात, इस्त्रीच्या साड्यांमागे, पावडरीचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. हलवला की कुळीथ भरल्यासारखा वाजतो. आत ज्वारीच्या दाण्याएवढे गडद निळे काचेचे मणी आहेत आणि पिवळट पडलेल्या तंगुसाचे चार-पाच तुकडे. ‘हे काय गं?’ असं विचारलं की आत्या म्हणते, ‘चेंडू आहे. सध्या सुटा आहे.’

हा चेंडू तिच्या रुखवतातला. १९७८ साली साताऱ्यात तिचं लग्न झालं. मांडवातल्या लांब टेबलावर साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी आणि क्रोशाचे रुमाल यांच्या शेजारी मण्यांच्या वस्तूंचं वेगळं संस्थान होतं. हंसांची जोडी, पोपट, नारळावर चढवलेली मण्यांची जाळी आणि हा चेंडू. बाकीचं कुणाकुणाला दिलं गेलं, काही हरवलं. चेंडू शोकेसमध्ये पंचवीसेक वर्षं टिकला. मग एका उन्हाळ्यात तंगूस कडक होऊन आपसूक तुटला आणि चेंडू फरशीभर झाला. सापडले तेवढे मणी आत्यानं गोळा करून ठेवले. टाकून द्यायची कल्पना तिला शिवलीसुद्धा नाही.

यंदा ऑगस्टात माझी लेक मनगटावर मण्यांचा विणलेला पट्टा बांधून कॉलेजातून घरी आली. फ्रेंडशिप डेचा. चार दिवसांत तो उसवला. ‘यात काय आहे, घरी करता येईल,’ असं मी म्हणून गेले. लेकीनं ते वाक्य जपून ठेवलं आणि दर रविवारी मला परत ऐकवलं. शेवटी मी आत्याला फोन लावला.

‘आधी सांग, ओवायचंय का विणायचंय?’ तिनं विचारलं.

दोन्हींत फरक असतो हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

ओवलेल्या माळेत दोरा मण्यात एकदाच शिरतो, पलीकडून बाहेर पडतो आणि पुढं चालू लागतो. त्या मण्याशी त्याचा पुन्हा संबंध येत नाही. विणकामात दोरा परत फिरतो. जोड देणाऱ्या मण्याकडं त्याला निदान दोनदा यावं लागतं, बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूनं. पहिल्या फेरीत मणी नुसता दोऱ्यावर आलेला असतो. दुसऱ्या फेरीत तो शेजाऱ्याला बांधला जातो. माळेचा पट्टा होतो तो या दुसऱ्या फेरीत. पुढचे दोन महिने मी जे जे बघितलं, विचारलं, चुकवलं, ते सगळं या परत फिरण्याभोवतीच घोटाळत राहिलं.

आत्यानं आधी शिकवली ती तिच्या पिढीची पद्धत, चार मण्यांच्या चौकटीची. चांगला लांब तंगूस घ्यायचा. तंगूस म्हणजे मासे धरायच्या गळाला असतो तोच पारदर्शक नायलॉनचा दोरा. जरा ताठ असल्यानं त्याला सुई लागत नाही. त्यात तीन मणी ओवून मध्यावर आणायचे. चौथा मणी घ्यायचा आणि तंगुसाची दोन्ही टोकं त्यातून समोरासमोरून काढायची, एक डावीकडून, एक उजवीकडून. ओढलं की चार मणी चटकन चौकटीत बसतात. चौथा मणी आता पुढच्या चौकटीचा पहिला. डाव्या टोकावर एक मणी, उजव्या टोकावर एक, आणि तिसऱ्यातून पुन्हा दोन्ही टोकं समोरासमोरून. म्हणजे पहिल्या चौकटीला चार मणी लागतात, नंतरच्या प्रत्येकीला तीनच. चार मिलिमीटरचे मणी घेतले तर २६ चौकटींत मनगटापुरता, पंधरा सेंटिमीटरच्या आसपासचा पट्टा होतो आणि मणी लागतात ७९. तासाभराचं काम आहे. आत्या बोलता बोलता करते, मी जीभ दातांत धरून केलं.

या पट्ट्याला फक्त एक शाप आहे, तंगुसाचा. तंगूस ऊन खातो, पिवळा पडतो, कडकतो. काचेच्या मण्याच्या तोंडाशी धार असेल तर तिथंच घासून तुटतो. आणि विणकामात एक जागा तुटली की शेजारच्या चार चौकटी ढिल्या पडतात. लेकीचा पट्टा उसवला तो असाच.

‘मग दोरा बदल की,’ आत्या म्हणाली. ‘आमच्या वेळी मिळत नव्हता. आता मिळतो म्हणे.’

*

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाताना हातात यादी असली तरी उपयोग नसतो. तिथल्या दुकानदाराला आपल्याला काय हवंय ते आपल्याआधी कळलेलं असतं, नाहीतर त्याला ते तसं वाटत तरी असतं. मी ‘बारीक मणी’ म्हटलं. त्यानं कटदाणा, पाइप मणी, शुगर बीड्स, पोत अशी चार बरण्यांची झाकणं उघडली आणि विचारलं, ‘कपड्यावर लावायचे का हातात घालायचे? हातात, तर जपानी घ्या. महाग पडतील, पण रडणार नाही.’

या मण्यांचे नंबर उलटे चालतात. आठ नंबरचा मणी मोठा, अकरा नंबरचा लहान, पंधरा नंबरचा म्हणजे मोहरीसुद्धा वाकून बघेल. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा. स्वस्तातल्या पुडीत एक मणी फुगलेला, एक चपटा, एकाचं भोक तिरकं, एकाचं बुजलेलं. तांदूळ निवडायची सवय असलेल्या घरात त्याचं काही वाटत नाही. पण निवडल्याशिवाय विणायला बसलं तर पट्टा सापासारखा वळवळतो. जपानी मणी हे दुखणं मुळातच काढून टाकतात. हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा शहरात १९४९ साली सुरू झालेल्या मियुकी कंपनीनं १९८२ मध्ये ‘डेलिका’ नावाचा मणी काढला. तो गोल नसून नळकांड्यासारखा असतो, १.६ मिलिमीटर व्यासाचा आणि १.३ मिलिमीटर लांबीचा. भिंत पातळ, भोक मोठं. एका ग्रॅममध्ये साधारण दोनशे मणी. शेजारी शेजारी ठेवले की विटा रचल्यासारखे बसतात. मोठ्या भोकाचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. दोरा तीन-चारदा जायचा असेल तर त्याला वाट हवी.

दुकानदारानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिच्याबद्दल मी त्याचे आभार मानते. झगझगीत जांभळा किंवा राणी रंगाचा मणी घेतला की कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासून बघायचा. बोळा रंगला तर तो रंग काचेचा नाही, वरून फासलेला आहे. घामानं आठ दिवसांत उतरेल.

एवढासा मणी होतो कसा, हे मी त्याला विचारलं. ‘मशीनमध्ये,’ तो म्हणाला. ते खरंच आहे, पण मशीनआधीची हकीकत जास्त रंगतदार आहे. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर वितळलेल्या काचेच्या गोळ्यात आधी पोकळी करत. मग त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी दांडे चिकटवून दोन कामगार एकमेकांकडं पाठ करून पळत सुटत. गोळा ताणला जाऊन लांबच लांब नळी व्हायची आणि गोळ्यातली पोकळी तिच्यात शेवटपर्यंत राहायची. हेच पुढं मण्याचं भोक. नळीचे बारीक तुकडे करायचे, भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत कोळसा-चुन्याची भुकटी भरायची आणि पुन्हा तापवून फिरवायचे, की कडा गोल होतात. आपल्याकडं दक्षिणेत याहून कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वीच, भट्टीतल्या काचेतून पोकळ नळी ओढायचं तंत्र होतं. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूचे बारीक मणी आग्नेय आशियापर्यंत पोचले. आंध्रातल्या पापनायडुपेट गावात नळी ओढायची ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. आणि उत्तरेत हाथरस जिल्ह्यातल्या पुर्दिलनगरमध्ये आजही घराघरांत भट्टीपाशी बसून काचेचे मणी करतात. आपल्या बायकांच्या गळ्यातली काळी पोत याच मोठ्या कुळातली.

व्हेनिसचा विषय निघालाच आहे तर तिथल्या बायकांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्यांना ‘इंपिरारेसे’ म्हणत, म्हणजे मणी ओवणाऱ्या. मांडीवर लाकडी परात, परातीत मणी, आणि हातात पंख्यासारख्या धरलेल्या डझनावारी लांब सुया. तो पंखा मण्यांच्या ढिगातून ढवळला की सुया आपोआप भरत. गल्लीत, दाराशी बसून दिवसभर हेच. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकारानं १८८०च्या सुमारास त्यांचं चित्र काढलं, ते आता डब्लिनच्या संग्रहालयात आहे. चित्र बघायला फार देखणं आहे. पण याच बायकांनी १९०४ साली संप केला होता. मणी वाटणाऱ्या आणि मजुरी देणाऱ्या मधल्या बाईविरुद्ध त्यांची तक्रार होती. तीही त्यांच्यासारखीच गल्लीतली बाई, हे वाचून मी जरा वेळ पुस्तक मिटून बसले.

कारण ही मधली बाई मला मुंबईत भेटली होती. मालाड भागात नकली दागिन्यांचा मोठा धंदा आहे आणि त्यातलं ओवण्याचं, गुंफण्याचं काम घरोघरी जातं. एका चाळीतल्या ताई सकाळी पुडके आणतात, दहा-बारा घरांत वाटतात, संध्याकाळी गोळा करतात. मजुरी डझनावर. विणायला बसलेल्या बाईला मी विचारलं, एका पट्ट्याला किती वेळ लागतो? ती म्हणाली, ‘वेळ कोण मोजतंय? कुकरच्या शिट्ट्यांमध्ये बसतो.’ वाटणाऱ्या ताईंनी मला चहा दिला आणि दर विचारल्यावर हसून विषय बदलला. तो उसवलेला फ्रेंडशिप डेचा पट्टा अशाच कुठल्या तरी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये झाला असेल. त्यानंतर मी त्याला हलका म्हणायचं सोडलं.

*

दोऱ्याबद्दल विचारायला मी पेठेतल्या एका जिन्याखाली बसणाऱ्या पटवेकऱ्यांकडं गेले. दागिने रेशमात गाठवून देणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. मोत्यांचा तन्मणी, चिंचपेटी, गोंडे लावलेल्या जुन्या माळा. पायाच्या अंगठ्याला रेशमाचं टोक अडकवून ते काम करतात, त्यामुळं दोन्ही हात मोकळे राहतात आणि ताणही हवा तेवढा देता येतो. माझ्या हातातला तंगूस बघून त्यांनी तोंड कडू केलं.

‘मोती मोत्याला लागता कामा नये,’ ते म्हणाले. ‘म्हणून मध्ये गाठ. गाठ असली की तुटलं तरी एकच मोती जातो. तुमच्या या विणलेल्याला गाठ कुठंय?’

नाही, हे मी कबूल केलं. विणलेल्या पट्ट्याला मध्ये गाठ नसते. गाठीचं काम दोऱ्याच्या फेऱ्या करतात. त्यांनी पट्टा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाकवला, डोळ्यांजवळ नेला. ‘हं,’ म्हणाले. मग मेणाचा एक गोळा काढून दिला. ‘दोरा यावरून ओढा दोनदा. पीळ सुटणार नाही आणि गुंता होणार नाही.’ पैसे घेतले नाहीत.

दोऱ्याचं आयुष्य किती, असं मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘घातला नाही तर पुष्कळ.’ हे उत्तर त्यांना वाटलं असेल त्याहून खरं आहे. १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाला प्रवरेच्या काठी हसमुख सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तिथं ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला. मण्यांमध्ये दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. पुणे जिल्ह्यातल्या चांदोलीलाही अशीच मुलाच्या दफनातली तांब्याच्या मण्यांची माळ निघाली, तिचा दोरा अळशीच्या तंतूंचा होता. एरवी आपल्या मातीत दोरा काही वर्षांतच कुजून जातो. इथं तो टिकला तो तांब्याच्या गंजामुळं. तांब्याचे क्षार धाग्यात मुरले आणि कुजवणारे जंतू त्याच्याजवळ फिरकले नाहीत. मण्यानं दोरा राखला. आत्याच्या चेंडूत काचेच्या मण्यांनी तंगुसासाठी एवढंही केलं नाही.

त्या लेकराच्या गळ्यात माळ कुणी बांधली असेल, हा विचार मनात येतोच. पण त्याच्यावर चार ओळी लिहिणं मला बरं वाटत नाही.

*

लेकीचा नवा पट्टा मागावर विणायचं ठरवलं. माग मी लाडवांच्या खोक्याचा केला. मण्यांचा माग विकतही मिळतो, पण खोक्याचा हट्ट लेकीचा. खोक्याच्या दोन टोकांना प्लॅस्टिकचे दोन कंगवे डिंकानं उभे चिकटवले, दाते वर. या दात्यांमधून ताण्याचे दोरे जातात. पुढं एका विणकराकडून कळलं की हातमागावरच्या ज्या भागातून ताण्याचे धागे जातात त्याला फणीच म्हणतात. म्हणजे आम्ही लाडवांच्या खोक्यावर नकळत बरोबर शब्द चिकटवला होता.

नक्षीसाठी गणिताची चौकटीची वही घेतली. मागावरचे मणी उभ्या-आडव्या सरळ रांगांत बसतात, रांगोळीच्या सरळ ठिपक्यांसारखे. रांगोळीत दुसरीही एक रीत असते, ‘१५ ते ८’ अशी. मधल्या ओळीत पंधरा ठिपके, वरखाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागी. मण्यांच्या विणकामातही नेमकी ही दुसरी जात आहे. तिला माग लागत नाही, नुसत्या सुई-दोऱ्यावर एकेक मणी मागच्या ओळीच्या खाचेत बसवत जायचं. बाहेरच्या जगात तिला ‘पेयोट’ टाका म्हणतात. ते नाव उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका धर्मपंथाच्या विधींतल्या वस्तूंवरून पडलं. टाका मात्र त्याहून फार जुना, प्राचीन इजिप्तमध्येही सापडणारा. सौराष्ट्रातलं मोतीभरत याच चुलत्या-मावश्यांतलं. एकोणिसाव्या शतकात समुद्रमार्गे व्हेनिसचे मणी आले आणि काठियावाडच्या घरांतून मण्यांची तोरणं, चाकळे, डोक्यावर घागर ठेवायच्या चुंबळी विणल्या जाऊ लागल्या. आत्याच्या रुखवतातली नारळाची जाळी कुठून आली असेल याचा अंदाज मला तिथं आला. आत्याला तो मान्य नाही. तिच्या मते ती शेजारच्या काकूंकडून आली.

रांगोळी येणाऱ्या बाईला मण्यांची नक्षी वेगळी शिकवावी लागत नाही. मी आजीच्या लुगड्याच्या काठावरचं रुईफूल घेतलं. अकरा मण्यांची रुंदी, म्हणजे बारा ताणे. ताणा नेहमी मण्यांपेक्षा एकानं जास्त, कारण प्रत्येक मणी दोन ताण्यांच्या मधल्या गल्लीत बसतो. पंधरा सेंटिमीटर लांबीला ९४ ओळी. अकरा गुणिले चौऱ्याण्णव, १०३४ मणी. वजन? पाच ग्रॅमच्या थोडं वर. हजारावर मणी आणि चमचाभर साखरेएवढं वजन, हे गणित मी तीनदा तपासलं.

विणायची रीत सांगायला सोपी आहे. सुईत अकरा मणी घ्यायचे. सुई ताण्यांच्या खालून न्यायची. खालून बोटानं मणी वर दाबायचे, की प्रत्येक मणी आपापल्या गल्लीतून डोकं काढतो. आता सुई परत फिरवायची, त्याच अकरा मण्यांतून, पण या वेळी ताण्यांच्या वरून. खालून जाताना दोरा मणी घेऊन जातो, वरून येताना त्यांना ताण्याला जखडतो. एवढंच. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पैठणीच्या पदरासारख्या.

आता करायला. मणी ओवायची सुई इतकी बारीक की तिच्या नेढ्यात दोरा घालायला मी चष्मा, भिंग आणि खिडकीतलं ऊन अशी तिन्ही साधनं लावली. दोऱ्याचं टोक दातांनी चपटं करून मग घालायचं, ही युक्ती आत्याची. मणी स्टीलच्या ताटलीत घेतले तर पळतात. तबकात जुना टर्किश टॉवेल अंथरला की सुईच्या टोकाला हवा तोच मणी येतो. पहिल्या तीन ओळी म्हणजे निव्वळ छळ. ताणे मोकळे असतात, मणी गल्ल्या बदलतात, सुई परत आणताना एखाद्या ताण्याच्या चुकून खालून जाते. तसं झालं की तो ताणा बांधलाच जात नाही, आणि ते लगेच दिसतही नाही. दोन ओळींनंतर तिथला मणी जरा खाली बसल्यासारखा वाटतो. चौथ्या ओळीपासून हात बसला. तिसाव्या ओळीला मी रेडिओ लावला. एक्केचाळिसाव्या ओळीत चूक केली.

ती चूक मला पन्नासाव्या ओळीला दिसली. रुईफुलाच्या पाकळीतला एक लाल मणी एक घर सरकला होता. नऊ ओळी उसवायच्या म्हणजे सुई उलटी नेत बसायचं, आणि उलटी नेताना ती दोऱ्याच्या पिळातूनच गेली तर सगळंच अडकतं. जादा मणी असता तर पकडीत धरून फोडता आला असता. डोळ्यांवर हात धरून, काच उडते म्हणून. पण इथं मणी जादा नव्हता, रंग चुकला होता. मी तो तसाच ठेवला. लेक म्हणाली, ‘कुणाला कळणार नाहीये.’

चौऱ्याण्णव ओळी चार संध्याकाळी चालल्या. शेवटचा मणी बसला तेव्हा मी पट्टा मागावरून सोडवला, आणि सगळ्यात वाईट काम तेव्हा सुरू झालं. बारा ताण्यांची दोन्हीकडची मिळून चोवीस टोकं लोंबत होती. एकेक टोक सुईत घ्यायचं, मण्यांच्या ओळीतून परत आत न्यायचं, एक ओळ सोडून पुन्हा उलटं आणायचं, म्हणजे ते सुटत नाही, आणि मग कापायचं. चोवीस वेळा. इथं मला मण्याच्या मोठ्या भोकाचं महत्त्व कळलं. सतराव्या टोकाला भोक भरलं आणि सुई ढकलताना मणी तडकला. विणून दाखवणारे सगळे या भागावरून घाईघाईनं पुढं जातात. विणायला लागला तेवढाच वेळ मला टोकं लपवायला लागला. ज्या पट्ट्याकडं बघून लोक ‘वा, काय मणी आहेत’ म्हणतात त्याचं निम्मं काम दिसणारच नाही याची व्यवस्था करण्यात जातं.

*

दिवाळीआधीच्या रविवारी एसटीनं साताऱ्याला गेले. आत्यानं पट्टा घेतला आणि आधी उलटा केला. बोटानं चाचपत गेली, कुठं दोरा टोचतोय का बघितलं. मग सुलटा केला, दिव्याखाली धरला.

‘हे एक्केचाळिसाव्याला काय झालं?’ ती म्हणाली.

तिनं ओळी मोजल्या नव्हत्या. फुलं मोजून आली होती. मी कारण सांगू लागले तोवर तिनं पट्टा स्वतःच्या मनगटावर घालून हूक लावलंसुद्धा. लेकीसाठी केला होता हे मी सांगितलं नाही.

मग मी नवा दोरा काढला, मेण लावलेला, न पिवळणारा. ‘चेंडू करू या,’ मी म्हटलं. आत्यानं डबा आणला.

चेंडू पाच-पाच मण्यांच्या फुलांचा असतो. अशी बारा फुलं जोडली की पृष्ठभाग आपोआप वळतो आणि मिटतो. फुलं बारा, पाकळ्या साठ, पण प्रत्येक मणी दोन फुलांच्या सामाईक भिंतीसारखा, म्हणून मणी तीसच. भूमितीत या आकाराला द्वादशफलक म्हणतात हे मी सांगितलं, तिनं ‘असेल’ म्हटलं. राष्ट्रीय तैवान विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बी-याव जिन यांनी याच समोरासमोर दोरा काढायच्या रीतीनं रेणूंच्या प्रतिकृती केल्या. साठ कार्बन अणूंच्या फुलरीनला नव्वद मणी लागतात, एकेका बंधाला एकेक मणी. हे ऐकून मात्र तिनं मान वर केली. ‘नव्वदचा मी केलाय,’ ती म्हणाली. ‘पाच-पाचची आणि सहा-सहाची फुलं मिसळून. वन्संच्या लग्नात दिला. तो मोठा होतो, पण जरा पोकळ वाटतो.’

ती विणत गेली. पहिल्या फुलाला पाच मणी, दुसऱ्याला चार, मग तीन, तीन, तीन, दोन. पुढं पुढं नवे मणी कमी लागतात, कारण भिंती आधीच उभ्या असतात. अकराव्या फुलाला एकच नवा मणी लागतो. बाराव्याला एकही नाही; तिथं दोरा नुसता आधीच्या पाच मण्यांतून फिरून येतो.

अकराव्या फुलाशी ती थांबली. डबा पालथा केला, बोटं फिरवली. एकोणतीसच होते.

आम्ही कपाटाखाली बघितलं, शोकेसच्या मागं बघितलं. वीस वर्षांपूर्वी सांडलेला मणी सापडेल अशी आशा दोघींनाही नव्हती, तरी बघितलं. अर्धा मिटलेला चेंडू तिनं कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून ठेवला आणि मला म्हणाली, ‘पुण्याहून एक मणी आण. निळा.’

बोहरी आळीतल्या दुकानदाराला मी एक मणी मागितला. त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. ‘ताई, पुडी घ्या,’ तो म्हणाला. पंचवीस ग्रॅमची पुडी. निळा एक छटा उजळ होता, पण माप बरोबर.

पुढच्या रविवारी आत्यानं चिमटा काढला, तिसावा मणी घेतला, दोरा ओढला. चेंडू मिटला. बाराव्या फुलातून दोरा फिरवून तिनं टोक आत लपवलं आणि चेंडू टेबलावर टाकून बघितला. तो दोनदा उडाला आणि थांबला. उजळ मणी तिनं फिरवून मागच्या बाजूला केला आणि चेंडू शोकेसमध्ये ठेवला.

मग उरलेली पुडी तबकात ओतून पाच-पाचचे ढीग करत मोजायला बसली. मी चहा टाकला. बाहेर आले तर तिचं मोजून झालं होतं.

‘दोनशे एकोणचाळीस,’ ती म्हणाली. ‘सात चेंडू होतील.’

तिनं दोनशे दहा मणी पुडीत परत भरून पुडीला रबर लावला. तबकात उरलेले एकोणतीस पावडरीच्या डब्यात टाकले आणि झाकण घट्ट बसवलं.